प्रीएक्लाम्पसियाची चाहूल रक्तात किती आधी लागते?

झाशी उत्तर प्रदेशात आहे, पण शहराबाहेर पडले की बहुतेक वाटा लवकरच मध्य प्रदेशात शिरतात. दतिया, शिवपुरी, निवाडी, टीकमगड हे जिल्हे त्या राज्यातले. ललितपूर आणि जालौन उत्तर प्रदेशातले. बाळंतपण अवघड झाले की घरचे लोक राज्याची हद्द बघत बसत नाहीत, जवळचा मोठा दवाखाना गाठतात. बुंदेलखंडाच्या या पट्ट्यात तो दवाखाना म्हणजे पुष्कळदा झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय. ते १९६८ साली सुरू झाले. २०१८-२० या काळातल्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, देशभरात ९७, उत्तर प्रदेशात १६७ आणि मध्य प्रदेशात १७३. झाशी या शेवटच्या दोन आकड्यांच्या मधोमध वसलेली आहे.

मातामृत्यूंच्या कारणांत जगभर पहिला क्रमांक रक्तस्रावाचा लागतो आणि त्याच्यामागे गरोदरपणातले रक्तदाबाचे विकार येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये मांडलेल्या हिशेबात त्यांचा वाटा १६ टक्के आहे. या विकारांतला सर्वांत घातक म्हणजे प्रीएक्लाम्पसिया. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट्स यांपैकी कशाला तरी इजा होऊ लागते. शंभरातल्या दोन ते आठ गरोदर स्त्रियांना तो होतो. पायांना सूज आली तर घरात कोणी घाबरत नाही, कारण पोटुशी बाईचे पाय सुजतातच. डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पोटाच्या वरच्या भागात कळ येते, आणि मग झटके सुरू होतात. हा आजार मुळापासून थांबवण्याचा एकच मार्ग आजही वैद्यकाकडे आहे: बाळ आणि वार बाहेर काढणे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ते करावे लागले तर आई वाचते, पण बाळाची झुंज सुरू होते.

म्हणून आजाराची चाहूल आधी लागावी ही धडपड फार जुनी आहे. पण ‘आधी कळेल का?’ या एका प्रश्नात तीन निराळे प्रश्न आहेत, आणि या विषयावरच्या लिखाणातला बराचसा गोंधळ ते एकमेकांत मिसळल्याने झाला आहे. बारा आठवड्यांची, ठणठणीत दिसणारी बाई पुढे या आजारात सापडेल का, हा पहिला. तीस आठवड्यांची बाई डोके दुखते म्हणून आली, रक्तदाब थोडा चढा आहे. तिला ठेवून घ्यावे की निर्धास्तपणे घरी पाठवावे, हा दुसरा. आणि आजार पक्का ठरलेल्या बाईची प्रकृती येत्या दोन दिवसांत ढासळेल का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे रक्तात शोधता येतात, मात्र प्रत्येक वेळी शोधायची गोष्ट वेगळी असते. झाशीच्या प्रसूती विभागापुढे यातला कोणता प्रश्न सर्वांत निकडीचा आहे हे ठरवल्याशिवाय तिथे कोणती चाचणी आणावी, यावर बोलण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

आजाराची सुरुवात वारेत होते. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांत शिरून त्यांना सैल, रुंद करतात, म्हणजे वाढत्या बाळाला रक्त कमी पडत नाही. हे काम अर्धवट राहिले की वार उपाशी राहते आणि तिच्यातून काही प्रथिने आईच्या रक्तात अवाजवी प्रमाणात सुटू लागतात. ती कोणती, हे कळायला २००३ साल उजाडावे लागले. चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेऊन बोस्टनला गेलेले अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी दाखवले की आजारी स्त्रियांच्या वारेत एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन फार तयार होते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणारे दोन घटक आहेत, व्हीईजीएफ आणि वारेचे स्वतःचे पीएलजीएफ. एसएफएलटी-१ रक्तात मोकळे फिरत या दोघांना धरून ठेवते, त्यामुळे ते पेशींपर्यंत पोचतच नाहीत. गाभण उंदरिणींना हे प्रथिन दिल्यावर त्यांचाही रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली. शंभर वर्षे ज्याला अनेक तर्कांचा आजार म्हटले जात होते, त्याची एक साखळी हाती लागली होती.

पुढच्याच वर्षी साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून काळाचा हिशेब लागला. ज्यांना पुढे आजार झाला त्यांच्या रक्तात पीएलजीएफ १३ ते १६ आठवड्यांपासूनच कमी होते, तर एसएफएलटी-१ आजार दिसण्याच्या साधारण पाच आठवडे आधी चढू लागले. पहिल्या प्रश्नाला पीएलजीएफ उपयोगी आणि दुसऱ्याला दोघांचे गुणोत्तर, ही विभागणी तिथून आली.

पहिल्या प्रश्नावर सर्वांत नेटाचे काम लंडनच्या किंग्ज कॉलेजात कायप्रोस निकोलाईडिस यांच्या गटाने केले. पॅप-ए, पीपी-१३, इनहिबिन अशी अनेक नावे या काळात पुढे आली आणि मागे पडली, कारण एकटा कुठलाच घटक पुरेसा भरवशाचा निघाला नाही. या गटाने वय, वजन, पूर्वीची बाळंतपणे, नीट मोजलेला सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या धमनीचा डॉप्लर आणि रक्तातले पीएलजीएफ हे सारे एका गणिती सूत्रात बसवले. ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावे लागेल असा आजार ज्यांना होणार, त्यांतल्या चौघींपैकी साधारण तिघींना हे सूत्र पहिल्या तिमाहीतच ओळखते. त्यासाठी दहा टक्के स्त्रियांना विनाकारण धोक्याच्या यादीत घालावे लागते. हजार गरोदर स्त्रियांत असा आजार दहा जणींना होणार असेल, तर सात-आठ जणी सापडतात आणि जवळजवळ शंभर जणींना उगाच धोका असल्याचे सांगितले जाते. ऐकायला हे वाईट वाटते. पण सापडलेल्या सगळ्यांना द्यायचे आहे ते ॲस्पिरिन, अगदी स्वस्त आणि बहुतेकींना सोसणारे औषध. २०१७ च्या ॲस्प्रे चाचणीत १,७७६ धोकाग्रस्त स्त्रियांपैकी निम्म्यांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. मुदतपूर्व प्रीएक्लाम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. वैद्यकात इतके स्वच्छ निकाल क्वचित मिळतात.

मात्र आजाराचा मोठा हिस्सा पूर्ण दिवस भरत आल्यावर उद्भवतो, आणि तो या सूत्राला नीट दिसत नाही, ॲस्पिरिनलाही फारशी दाद देत नाही. मग झाशीचा प्रश्न येतोच. ॲस्पिरिनचा गुण सोळा आठवड्यांच्या आत सुरू केले तरच चांगला येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत उत्तर प्रदेशात पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता ६२.५ टक्के होत्या आणि किमान चार तपासण्या झालेल्या ४२.४ टक्के. म्हणजे तिघींपैकी एकीहून जास्त जणी सूत्राच्या दारापर्यंत वेळेत येतच नाहीत. आणि ज्या येतात त्यांचेही आठवडे मोजायचे कसे? पाळीची तारीख होळीच्या आगेमागे अशी सांगितली जाते, पहिली सोनोग्राफी पाचव्या महिन्यात होते. पीएलजीएफचा आकडा गर्भाच्या वयाशी ताडूनच वाचायचा असतो. वयात तीन आठवड्यांची चूक झाली तर निरोगी बाई धोक्यात दिसते आणि धोक्यातली निरोगी. महागडे यंत्र आणण्याआधी बाराव्या आठवड्याच्या आसपासची साधी सोनोग्राफी गावोगाव पोचवली, तर रक्तातल्या कुठल्याही घटकाचा अर्थ लावणे सोपे होईल. हे काम दुय्यम मानले जाते याचे मला वाईट वाटते.

आशियात हे सूत्र प्रत्यक्ष राबवून पाहिले गेले आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोरकास्ट चाचणीत आशियातल्या दहा प्रदेशांतल्या सुमारे ४३ हजार स्त्रिया होत्या. धोक्याच्या यादीतल्या ज्यांनी ॲस्पिरिन घेतले त्यांच्यात मुदतपूर्व आजार ४१ टक्क्यांनी घटला, पण ‘तपासा आणि टाळा’ या संपूर्ण योजनेमुळे एकूण प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. औषध लागू पडले तरी योजना लागू पडेलच असे नाही, हे यातून दिसते.

रक्त न तपासताच ॲस्पिरिन द्यावे का? याचे उत्तर शोधणाऱ्या मोठ्या चाचणीत आपली दोन शहरे होती, नागपूर आणि बेळगाव. सहा देशांतल्या पहिलटकरणींना, एकूण ११,९७६ जणींना, सहा ते तेरा आठवड्यांपासून ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा नुसती गोळी दिली गेली. निकाल २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. मुदतपूर्व जन्म १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आले, जन्माच्या आगेमागे होणारे बालमृत्यूही घटले. रक्तदाबाच्या विकारांचे एकूण प्रमाण बदलले नाही, पण ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करायला लावणारे विकार स्पष्टपणे कमी झाले. नागपूर-बेळगावच्या खेड्यांतल्या बायकांवर झालेले हे काम झाशीला लंडनच्या सूत्राहून जवळचे आहे. ज्या भागात पीएलजीएफ मोजणे पुढची दहा वर्षे जमणार नाही, तिथे पहिलटकरणीला आणि आधीच्या खेपेला हा आजार झालेल्या बाईला रक्त न तपासताच ॲस्पिरिन सुरू करणे मला योग्य वाटते. फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने पुरस्कारलेली जेस्टोसिस गुणपद्धतीही याच वाटेने जाते. वय, रक्तक्षय, वजन, पूर्वीचा रक्तदाब अशा गोष्टींना एक, दोन किंवा तीन गुण द्यायचे आणि बेरीज तीनवर गेली की बाईवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एएनएमताईची वही पुरते.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते झाशीसाठी खरी आशा इथे आहे. २०१६ च्या प्रॉग्नोसिस अभ्यासात आजाराची शंका असलेल्या स्त्रियांमध्ये एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफचे गुणोत्तर मोजले गेले. ते ३८ किंवा त्याहून कमी आले तर पुढचा आठवडाभर आजार उद्भवणार नाही, हे भाकीत ९९.३ टक्के वेळा खरे ठरले. उलट गुणोत्तर जास्त आले तर चार आठवड्यांत आजार होईल, हे भाकीत मात्र ३६.७ टक्केच खरे निघाले. म्हणजे ही चाचणी ‘आजार येणार’ हे सांगायला कच्ची आणि ‘तूर्त नाही’ हे सांगायला फार पक्की आहे. ब्रिटनमधल्या पॅरट चाचणीत १,०२३ स्त्रिया होत्या. डॉक्टरांना पीएलजीएफचा आकडा कळवल्यावर निदानाला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि आईला होणाऱ्या गंभीर इजाही घटल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये रुग्णालयात दाखल, २३ ते ३५ आठवड्यांदरम्यानच्या स्त्रियांसाठी या गुणोत्तराला मान्यता दिली. वारंवार मोजल्याने मात्र जास्त लाभ होत नाही, असे २०२४ च्या पॅरट-२ मध्ये दिसले.

टीकमगडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाब १४४/९२ आणि डोकेदुखी एवढ्यावर एखाद्या बाईला रुग्णवाहिकेत बसवायचे, तर तिच्याबरोबर सासू येते, धाकटे मूल येते, नवऱ्याची मजुरी बुडते. मोठ्या दवाखान्यात आधीच एका खाटेवर दोघी असतात. ‘हिला आठवडाभर भीती नाही’ एवढे खात्रीने सांगणारी चाचणी जिल्हा पातळीवर असेल, तर तो प्रवास टळतो आणि खाट खरोखर ढासळत चाललेल्या बाईला मिळते. यात एक सावधगिरी हवी. ९९.३ हा आकडा ज्या स्त्रियांत मिळाला, त्यांत पुढच्या आठवड्यात आजार होणाऱ्या थोड्याच होत्या. पाठवलेल्या रुग्णांनी भरलेल्या मोठ्या दवाखान्यात आजारी जणींचे प्रमाण जास्त असते, आणि तिथे हाच आकडा खाली येणार, हे साधे गणित आहे. म्हणून ही चाचणी महाविद्यालयाच्या वॉर्डात ठेवण्यापेक्षा रुग्ण जिथून पाठवले जातात तिथे ठेवण्यात जास्त शहाणपण आहे. खासगी प्रयोगशाळेत ती काही हजार रुपयांना पडते, मोठी यंत्रे लागतात. मात्र मेजावर ठेवता येईल अशा छोट्या यंत्रावरही पीएलजीएफ मोजता येते.

तिसऱ्या प्रश्नाकडे वळताना भारतीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या संशोधनाविषयी बोललेच पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा असतो, सरकारी रुग्णालयात प्रीएक्लाम्पसियाचे रुग्ण भरपूर असतात आणि हाताशी साधी प्रयोगशाळा असते. त्यामुळे युरिक ॲसिड, एलडीएच, लिपिड, डी-डायमर, कॅल्शियम, होमोसिस्टीन, प्लेटलेटचा आकार यांवर देशभर ढिगाने प्रबंध झाले. त्यांची रचना बहुधा एकच असते: आजारी पन्नास, निरोगी पन्नास, दोघींचे रक्त, आणि शेवटी ‘हा घटक भाकितासाठी उपयोगी आहे’ असा निष्कर्ष. आजार झालेल्या बाईचे युरिक ॲसिड वाढलेले असते हे १९१७ पासून माहीत आहे. मूत्रपिंडाचे काम मंदावले की ते वाढणारच. पण आजारानंतर वाढलेली गोष्ट आजाराआधी वाढलेली असते असे नाही. युरिक ॲसिडवरच्या अभ्यासांचे २००६ मध्ये एकत्र परीक्षण झाले तेव्हा गुंतागुंतीच्या भाकितासाठी ते कमजोर ठरले. विद्यार्थ्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. राग येतो तो या साच्याचा, कारण त्यात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या नावाने खपते.

खरे तर तिसऱ्या प्रश्नासाठी हीच स्वस्त रक्ततपासणी मोलाची आहे. २०११ मध्ये आलेल्या फुलपियर्स या मोजणीत गर्भाचे वय, छातीत दुखणे किंवा धाप, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजन, प्लेटलेट्स, क्रिएटिनिन आणि एएसटी एवढ्यावरून पुढच्या ४८ तासांत आईच्या जिवाला धोका आहे का, हे बऱ्यापैकी अचूक सांगता येते. यातली प्रत्येक तपासणी जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. एलडीएच वाढलेले आणि प्लेटलेट्स लाखाच्या खाली, असा अहवाल रात्री दोन वाजता हातात पडला तर निवासी डॉक्टरला काय करायचे ते कळते. त्यासाठी अहवाल रात्री दोनला मिळाला पाहिजे, सकाळी अकराला नव्हे.

अहवालानंतर काय करायचे यावर मराठी मुलखातल्या डॉक्टरांनी भरीव काम केले आहे. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट हे औषध, हे ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रियांच्या मॅग्पाय चाचणीने २००२ मध्ये पक्के केले. झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. लहान चणीच्या भारतीय स्त्रियांना कमी मात्रा पुरते का, हे सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी तपासले. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब भडकलेल्या ८९४ स्त्रियांवर निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा या तोंडाने घ्यायच्या तीन गोळ्यांची तुलना झाली. लॅन्सेटने २०१९ मध्ये ती छापली. तिन्ही उपयोगी ठरल्या, म्हणजे शिरेतून द्यायचे औषध नसले तरी हात बांधलेले नाहीत. आणि बेळगाव-बागलकोट भागातल्या क्लिप चाचणीने एक कटू गोष्टही दाखवली. आशाताईंनी घरी जाऊन रक्तदाब मोजला, मोबाइलवरून धोका ठरवला, तरी माता-बालकांच्या एकूण गंभीर गुंतागुंतीत लक्षणीय घट झाली नाही. धोका ओळखल्यावर पुढचा दवाखाना सज्ज नसेल, तर ओळखण्याने फार साधत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

नवे काय येते आहे? रक्तात तरंगणाऱ्या आरएनएच्या तुकड्यांवरून महिनोन्‌महिने आधी भाकीत करता येईल, असे दाखवणारे दोन अभ्यास २०२२ मध्ये नेचरमध्ये आले. ते आपल्या दवाखान्यांत यायला वेळ आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते पुण्यातले काम. भारती विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात डॉ. साधना जोशी यांच्या गटाने रेव्हॅम्प नावाचा अभ्यास हाती घेतला. त्यात त्याच स्त्रियांचे रक्त ११ ते १४ आठवड्यांपासून बाळंतपणापर्यंत टप्प्याटप्प्याने घेतले जाते, आणि रक्तवाहिन्यांचे हे घटक, स्निग्धाम्ले, आहार यांचा संबंध पाहिला जातो. आजारी पन्नास आणि निरोगी पन्नास या साच्यातून बाहेर पडायचा रस्ता हाच आहे. भारतीय स्त्री कमी वजनाची, रक्तक्षयाची असते, तिची मूळ पातळीच वेगळी असू शकते. युरोपातल्या आकड्यांवरून तिचा धोका मोजणे अपुरे आहे.

बुंदेलखंडाचा असा अभ्यास झाशीतून व्हावा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रिया तपासायला येतातच. ललितपूर किंवा निवाडीच्या एखाद्या केंद्रावर त्या दिवशी सोनोग्राफीने आठवडे पक्के करायचे, लवकर आलेल्या पहिलटकरणींना ॲस्पिरिन द्यायचे, आणि वीस आठवड्यांनंतर ज्यांचा रक्तदाब चढेल त्यांचे पीएलजीएफ तिथल्या तिथे मोजायचे. मग दोनच गोष्टींची नोंद ठेवायची: किती जणींचा झाशीपर्यंतचा प्रवास टळला, आणि कमी धोक्याच्या म्हणून घरी पाठवलेल्यांपैकी किती जणींना पुढच्या पंधरवड्यात झटके आले. दुसरा आकडा शून्याजवळ राहिला, तर चाचणीच्या किमतीवर सरकारशी बोलायला बळकट आधार मिळेल.